जुन्या घरात गिझर : एमसीबी पडतो, प्लग काळा होतो, नळाला करंट येतो

नरक चतुर्दशीच्या पहाटे माझा फोन वाजला नाही असं वर्ष मला आठवत नाही. पलीकडे कुणीतरी अंगाला तेल-उटणं लावून ताटकळलेलं असतं. गिझर लावला की घरातली लाइट जाते, बटण वर केलं की दहा मिनिटं टिकते आणि परत जाते. "गिझरच खराब निघाला हो," हे वाक्य ठरलेलं. कित्येकांनी तोवर गिझर बदललेलाही असतो आणि नव्याचंही तेच रडगाणं सुरू झालेलं असतं.

पुण्यातल्या पेठांमधले वाडे आणि १९७०-८० च्या सुमाराच्या सोसायट्या, या भागात मी वायरमनचं काम करतो. बहुतेक वेळा दोष गिझरमध्ये नसतो, मीटर आणि गिझर यांच्या मधल्या एखाद्या जोडात असतो. या घरांचं वायरिंग झालं तेव्हा मोरीत तांब्याचा बंब होता. विजेवर चालायचे चार दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ. आज त्याच वायरीवर २ किलोवॅटचा गिझर बसतो आणि सलग वीस-पंचवीस मिनिटं नऊ अँपिअर ओढतो. इस्त्री चार-साडेचार ओढते, तीही थांबून थांबून. म्हणून वायरिंगमधला सगळ्यांत ढिला स्क्रू इस्त्रीला सापडत नाही, गिझरला सापडतो.

लक्षणं : आधी घड्याळ बघा

दुरुस्तीला हात लावण्याआधी काय होतं आणि किती वेळाने होतं, हे कागदावर लिहून ठेवा. निम्मं निदान तिथंच होतं.

बटण दाबताक्षणी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) पडतो किंवा फ्यूज उडतो : कुठंतरी सरळ शॉर्ट आहे. गिझरची पाणी तापवणारी कॉइल फुटलेली किंवा प्लगमध्ये दोन वायरी चिकटलेल्या.

दहा-वीस मिनिटांनी पडतो, थोडं थांबून वर केला की पुन्हा तेवढाच टिकतो : एमसीबी गरम होऊन पडतोय. एकतर भार जास्त आहे, नाहीतर एमसीबीचाच स्क्रू ढिला आहे आणि ती उष्णता त्याच्या आतल्या पट्टीला बाहेरून मिळते आहे.

एमसीबी जागेवर, पण आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारं बटण) पडतो : करंट गळतो आहे. गिझर, ओल, नाहीतर न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीची, गुंतागुंत.

प्लगच्या पिना काळ्या, सॉकेटचं भोक पिवळं-तपकिरी, मासळीसारखा किंवा जळक्या बटणासारखा वास : सॉकेटमधली पकड गेली आहे.

गिझर लावल्यावर दिवे मंद होतात किंवा फडफडतात : वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. फडफड म्हणजे जवळजवळ नेहमी जोडच.

काहीच पडत नाही, पण पाणी कोमट : हे वायरिंगचं दुखणं नसेलही. पुढे सांगतो.

आणि शेवटचं, नळाला, शॉवरला किंवा ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. हे असेल तर पुढचं वाचणं नंतर. गिझरचा एमसीबी खाली करा, वेगळा एमसीबी नसेल तर मेन स्विच बंद करा, त्या नळाखाली कुणालाही आंघोळ करू देऊ नका आणि वायरमनला बोलवा. "थोडासाच लागतो" असं म्हणून महिना-महिना काढणारी घरं मी पाहिली आहेत. कोरड्या चपलेत उभं राहून थोडासा लागतो. ओल्या अंगाने, अनवाणी, लोखंडी नळ मुठीत धरल्यावर तोच करंट थोडासा राहत नाही.

पहिली तपासणी : हात आणि नाक, खर्च शून्य

गिझर पंधरा मिनिटं चालवा, मग स्विच बंद करा आणि प्लग काढून पिनांच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर दोष सापडला. त्याच वेळी स्विचच्या प्लेटला, मग डीबीतल्या, म्हणजे एमसीबींच्या डब्यातल्या, एमसीबीच्या पुढच्या भागाला बाहेरूनच हात लावून बघा. झाकण काढू नका. वाटेत जिथं सगळ्यांत जास्त गरम लागतं, तिथं ढिला जोड.

हे का महत्त्वाचं, ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो. सॉकेटची पकड सैल होऊन तिथं समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. मग त्या एका ठिपक्यावर साधारण ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावरून अंदाज करा. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर असेल तर १३ अँपिअर, आणि त्याच जोडात ८४ वॅट. शेंगदाण्याएवढ्या जागेत. तापलं की पितळेची पकड आणखी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट तेवढाच आहे, उलट किंचित कमीच. म्हणून "एमसीबी लावलाय की, मग प्लग जळलाच कसा?" या प्रश्नाचं उत्तर असं की एमसीबी वायरीची राखण करतो, ढिल्या जोडाची नाही.

दुसरी तपासणी : नेमकं काय पडतं?

डीबीत बघा. एक खिडकीचा छोटा तो एमसीबी. दोन खिडक्यांएवढा रुंद, ज्यावर टी अक्षराचं किंवा टेस्ट लिहिलेलं बटण असतं, तो आरसीसीबी. बरेच जण त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. एमसीबी जास्त करंट आणि शॉर्ट बघतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट यांतला फरक बघतो, घरगुती असेल तर ३० मिलीअँपिअरचा. पहिला घर वाचवतो, दुसरा माणूस. एकाचं काम दुसरा करत नाही.

टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. दाबूनही पडला नाही तर आरसीसीबी मेलेला आहे, तो बदला. आणि डीबीत आरसीसीबीच नसेल, नुसती चिनी मातीची किटकॅट फ्यूजची रांग असेल, तर "आमच्याकडे कधी काही पडत नाही" याचा अर्थ घर सुरक्षित आहे असा होत नाही. पडायला काही बसवलेलंच नाही.

किटकॅटवाल्यांनी आणखी एक बघा. मेन बंद करून फ्यूजची ग्रिप, म्हणजे बोटांनी धरायचा भाग, ओढून काढा. त्यात बारीक फ्यूज वायर आहे, की कुणीतरी जाड तांब्याची तार दुमडून घातली आहे? "वारंवार उडत होता म्हणून जरा दणकट घातली," असं आजोबा अभिमानाने सांगतात. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. तो पक्का केला की कच्चा दुवा भिंतीत जातो. १६ चा एमसीबी पडतो म्हणून ३२ चा बसवणं हे त्याचंच आजचं रूप, आणि ते करणारे परवानाधारक लोकही मी पाहिले आहेत.

तिसरी तपासणी : प्लग काढा, स्विचवर भरवसा ठेवू नका

आरसीसीबी पडत असेल तर गिझरचा प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा आणि घरातलं बाकी सगळं नेहमीसारखं वापरा. दोन-तीन दिवस काहीच पडलं नाही, तर गळती गिझरमध्ये आहे. तरीही पडला, तर गिझरला उगाच शिव्या दिल्या.

इथं एक गंमत आहे, जिच्यापायी भलेभले फसतात. "अहो, गिझर बंद होता तेव्हा पडला, म्हणजे गिझरचा संबंध नाही." साधा स्विच फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझरची कॉइल न्यूट्रलच्या टोकाजवळ फुटून पाण्याला किंवा अंगाला टेकली असेल, तर घरातल्या इतर उपकरणांचा परतीचा करंट थोडा तिकडून अर्थमध्ये, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या वायरीत, सटकतो आणि आरसीसीबी पडतो. स्विच बंद असतानाही. म्हणून प्लगच काढायचा. गिझरला दोन्ही वायरी तोडणारा डीपी स्विच हवा असं मी म्हणतो, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले सर्रास सापडतात. मग स्विच न्यूट्रल तोडतो, लाल दिवा विझतो, आणि गिझरच्या कॉइलवर फेज तसाच उभा राहतो. "आम्ही नेहमी गिझर बंद करूनच आंघोळ करतो" ही सवय चांगली आहे, पण अशा घरात तिचा उपयोग नाही. टेस्टर सॉकेटच्या उजव्या भोकात लागायला हवा, म्हणजे मोठं अर्थचं भोक वर असताना उजवीकडच्या. डावीकडे लागला तर उलटं आहे. ही तपासणी घरी करता येते, दुरुस्ती वायरमनकडून करून घ्या.

चौथी तपासणी : गिझरवरची पट्टी आणि विजेचं बिल

गिझरच्या बाजूला किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० ने भागा. २००० असतील तर ८.७ अँपिअर, ३००० असतील तर १३, ४५०० असतील तर १९.६.

मोठ्या तीन पिनांचा प्लग १६ अँपिअरचा असतो. याचा सरळ अर्थ असा की ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर प्लगवर चालवायचाच नसतो. त्याला वेगळी लाइन, चारची (चार चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर सहाची, २५ चा एमसीबी आणि थेट डीपी स्विचला जोड. तरी दुकानातून तो आणून जुन्याच पॉइंटला प्लग बसवून चालवलेला मला दर हिवाळ्यात कुठं ना कुठं सापडतो.

लोक ४.५ कडे का जातात, तेही सांगतो. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला ३ लिटर पाण्याचं तापमान साधारण १४ अंशांनी वाढवतो, जास्त नाही. हिवाळ्यात टाकीचं पाणी १८ अंश असेल तर शॉवरला ३२ अंशांचं येणार, म्हणजे कोमट. लोकांना वाटतं गिझर बिघडला. बिघडलेला नाही, त्याची ताकदच तेवढी. नळ बारीक करून मिनिटाला २ लिटरवर आणा, २१ अंशांची वाढ मिळते. नाहीतर बादलीने आंघोळ करा, किंवा सरळ १५ लिटरचा २ किलोवॅटचा साठवणीचा गिझर घ्या. त्याला २० अंशांचं पाणी ६० पर्यंत न्यायला वीस-एकवीस मिनिटं लागतात, पण वायरीवर भार ८.७ अँपिअरचाच. जुन्या वायरिंगच्या घराला मी नेहमी हाच सुचवतो.

मग बिल बघा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. जुन्या जोडण्यांवर तो अजूनही १ किंवा २ असतो आणि घरात गिझर, फ्रीज, ओव्हन, एसी. मंजूर भार वाढवायला अर्ज करता येतो. तो न करता आतली वायर कितीही जाड केली, तरी मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मेन फ्यूज जुनेच राहतात.

एका वाड्यातल्या काकूंचा मुलगा इंग्लंडहून तिथला इलेक्ट्रिक शॉवर सामानातून घेऊन आला होता. भिंतीवरचा सुबक पांढरा डबा, ८.५ किलोवॅटचा. "दादा, व्होल्टेज तिकडेही २३०च आहे, मग काय अडचण?" व्होल्टेजची काहीच अडचण नाही. पण ३७ अँपिअर होतात. तिकडे त्याच्यासाठी डीबीपासून वेगळी जाड केबल, बहुतेक दहाची, आणि स्वतंत्र ब्रेकर असतो. या घराचा मंजूर भार होता २ किलोवॅट. मी तो डबा परत खोक्यात भरून दिला. काकूंना सगळ्यांत मोठं दुःख याचं की त्यासाठी लोणच्याची बरणी तिकडे ठेवून यावी लागली होती.

पाचवी तपासणी : सॉकेट आणि प्लग बदलणं

इथून पुढे स्क्रूड्रायव्हर लागतो. मेन बंद करा, टेस्टरने बघा, आणि टेस्टर चालतोय की नाही तेही आधी चालू पॉइंटवर बघून घ्या. हे काम हाताला सवय असेल तरच. नसेल तर वायरमनला अर्ध्या तासाचं काम आहे.

काळा झालेला सॉकेट घासून पुन्हा वापरू नका. पितळेची स्प्रिंग एकदा तापून मऊ झाली की तिचा ताण परत येत नाही. सॉकेट आणि प्लग जोडीने बदला, कारण जळक्या पिना नव्या सॉकेटला आठ दिवसांत खराब करतात. आयएसआय शिक्का बघून १६ अँपिअरचाच घ्या. जुना वायरीचा तुकडा तापून काळा, कडक झाला असेल तर तेवढा कापून ताज्या तांब्यापर्यंत या. वायर पुरत नसेल तर तिथं जोड मारून लांबवू नका, आपण जोडांपासूनच सुटायचा प्रयत्न करतो आहोत.

बदलल्यावर पंधरा मिनिटं चालवून पुन्हा हात लावा. गार लागला, तर तुमचं काम इथंच संपलं. निम्म्या घरांचं इथंच संपतं.

सहावी तपासणी : भिंतीतली वायर कुठली?

सॉकेट उघडलाच आहे तर वायरीकडे नीट बघा. नुसतं बघायचं.

आतली तार चंदेरी आणि हलकी असेल तर ती अॅल्युमिनियमची. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पुष्कळ इमारतींत हीच ओढलेली आहे. अॅल्युमिनियमवर हवेने लगेच एक थर चढतो जो वीज वाहू देत नाही, आणि स्क्रूखाली दाबलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू चेपत जातं. म्हणजे आवळलेला स्क्रू आपोआप ढिला होतो. त्यात कुणी नवी तांब्याची वायर तिला पीळ देऊन जोडली असेल, तर ओल मिळताच तो जोड कुजायला लागतो. असा पिळाचा जोड, वर काळी टेप, आणि सगळं छतालगतच्या डब्यात. माझ्या कामातल्या जळक्या वासांपैकी सगळ्यांत वाईट वास या डब्यांचा.

तांब्याच्या तीन बारीक तारा असतील, तर ती बहुधा जुनी ३/२२. म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, आजच्या हिशेबात जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. दिव्याची वायर. तिच्यावर ३ किलोवॅटचा गिझर चालवला आणि डीबी वीस मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन चाळीस मीटर वायरीत साधारण १०० वॅट उष्णता भिंतीतच खर्च होते. ती लांबवर पसरते म्हणून लगेच आग लागत नाही, पण वरचं इन्सुलेशन भाजून कडक होतं आणि दहा वर्षांनी बोटाने मोडलं की पोह्यासारखं गळतं. जाडजूड सात तारांची ७/२० असेल तर नशीबवान आहात, ती साडेचार चौरस मिलिमीटरची भरते. तिचं इन्सुलेशन शाबूत असेल तर गिझर तिला जड नाही.

आणि वायरीवर कापडाचं वेष्टण, आत काळं रबर, तेही लाकडी केसिंगमध्ये असेल, तर थांबा. हात लावू नका. ते रबर हलवल्या हलवल्या फुटतं आणि काल चालत असलेलं घर आज बंद पडतं. लाकडी पट्टी, लाकडी तुळई आणि तापणारा जोड हे एकत्र आल्यावर काय होतं, ते पेठांमध्ये कुणाला सांगायला नको. अशा घरात गिझरची लाइन डीबीपासून नवीनच ओढायची, जुन्यातून जायचंच नाही.

सातवी तपासणी : अर्थिंग खरंच आहे का?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आणि याच्याबद्दल घरमालकांना सगळ्यांत कमी माहिती असते.

जुन्या घरांत मोरीतल्या लोखंडी पाण्याच्या नळाला एक तांब्याची तार गुंडाळायची आणि तिलाच अर्थ म्हणायचं, अशी पद्धत होती. नळ जमिनीतून येत होता, त्यामुळे ते काही प्रमाणात चालायचंही. मग बाथरूमचं नूतनीकरण झालं. प्लंबरने गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, बसवले. काम छान झालं, टाइल्स नव्या, आणि घराचं अर्थिंग त्या दिवशी भंगारात गेलं. हिरवी वायर सॉकेटला जोडलेली दिसते, पण तिचं दुसरं टोक प्लॅस्टिकच्या पाइपपाशी किंवा टाइलमागे तुटून पडलेलं असतं. प्लंबरची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उलटा प्रकारही होतो. इमारतीच्या काही मजल्यांवर जीआय पाइप तसेच आहेत, पण खालचा जमिनीपर्यंतचा तुकडा प्लॅस्टिकचा झाला. मग वरचा सगळा पाइप हवेत लटकणारी एक लांब तार बनतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गिझरची कॉइल फुटली की करंट पहिल्या मजल्यावरच्या नळाला लागतो, आणि पहिल्या मजल्यावरचे बिचारे आपला गिझर बदलत बसतात. तुमचा गिझर प्लगमधून काढल्यावरही नळाला झिणझिण्या येत असतील, तर शेजारीपाजारी विचारा. दोष तुमच्या घरातला नाही, तरी धोका तुमचाच आहे.

अर्थ तपासायला घरी केलेले प्रयोग पुरे पडत नाहीत. मल्टिमीटर फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवतो आणि लोक निर्धास्त होतात. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे धाग्याएवढा उरलेला अर्थही त्याला पूर्ण वाटतो. मी फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावतो. पूर्ण उजेड पडला तर निदान एवढं कळतं की वायर कुठंतरी पोचते आहे. लालसर पेटला तर अर्थ नावापुरता. आरसीसीबी असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडतो, तेही योग्यच. ही चाचणी तुम्ही करू नका, कारण अर्थ तुटलेला असेल तर बल्ब लावल्याबरोबर त्या हिरव्या वायरीला जोडलेलं घरातलं प्रत्येक धातूचं अंग जिवंत होतं. फ्रीजसुद्धा. मी ती करतो तेव्हा घरातल्या सगळ्यांना आधी हॉलमध्ये बसवतो.

आणि एक उपाय जो कुणी सुचवला तर त्याला दारातूनच नमस्कार करा : "अर्थ नाही ना, मग सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो." आज काम चालेल. ज्या दिवशी न्यूट्रलचा एखादा स्क्रू ढिला होईल, त्या दिवशी गिझरचं लोखंडी अंग सरळ २३० व्होल्टवर जाईल, आणि फ्यूज काही उडणार नाही.

नवा अर्थ म्हणजे जमिनीत अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, हे आपल्याकडचं रूढ काम. वाड्यात चौक असतो, तिथं जागा मिळते. सोसायटीत सगळ्यांनी मिळून एक चांगला अर्थ करून प्रत्येक घरात स्वतंत्र हिरवी वायर नेणं स्वस्त पडतं. सभेत हा विषय रंगापेक्षा आधी घ्यायला हवा, पण घेतला जात नाही.

आठवी तपासणी : उसना न्यूट्रल आणि कॉइल

प्लग काढूनही आरसीसीबी पडतो, विशेषतः दुसऱ्या खोलीतला पंखा किंवा दिवा लावल्यावर, तर बहुधा उसन्या न्यूट्रलचं प्रकरण असतं. पूर्वी वायर वाचवण्यासाठी एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून घेत, कधी तर शेजारच्या बिऱ्हाडातून, कारण तेव्हा ते एकच घर होतं. फ्यूजला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आरसीसीबीला मात्र गेलेला हिशेब परत यायलाच हवा. हे शोधायला एकेक सर्किट सोडवून बघावं लागतं, कधी पूर्ण दिवस जातो. ते काम घरी करण्यासारखं नाही.

गळती गिझरमध्येच निघाली, तर कॉइल. बोअरवेलच्या आणि टँकरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा पांढरा थर बसतो, आत उष्णता कोंडते आणि तिचं आवरण तडकतं. गार असताना नीट चालते, गरम झाल्यावर तडा उघडून गळायला लागते, म्हणून असा गिझर दहा मिनिटांनी आरसीसीबी पाडतो. मेकॅनिक मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, ५०० व्होल्टवर मोजतो. एक मेगाओहमच्या खाली आलं तर मी कॉइल बदलायलाच सांगतो, वाळवून वगैरे बघत नाही. कॉइल बदलताना थर्मोस्टॅट आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कट-आउटही तपासून घ्या, टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही.

कुठं थांबायचं

नळाला करंट, भिंतीतून किंवा छतालगतच्या डब्यातून वास, अॅल्युमिनियम किंवा रबराची वायर, सगळे प्लग काढूनही पडणारा आरसीसीबी, यांपैकी काहीही दिसलं की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. परवाना बघायला मागा, त्यात अपमान वाटून घेणारा नको. मीटरचं सील, मीटरच्या आधीचा कट-आउट (कंपनीचा फ्यूज) आणि सर्व्हिस वायर यांना वायरमननेही हात लावायचा नाही. ते वीज कंपनीचं काम. मेन स्विच बंद केला तरी ती बाजू जिवंतच असते, आणि जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोपटात, सायकलींच्या मधे वाकून, हे विसरायला होतं.

वायरमन आला की त्याच्याकडून एवढं करून घ्या : डीबीपासून बाथरूमपर्यंत मधे एकही जोड नसलेली स्वतंत्र लाइन, फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही तांब्याच्या. २ किलोवॅटला अडीचची पुरते, मी तरी चारचीच ओढतो, उद्या घरात कुणी ३ किलोवॅटचा गिझर आणणारच असतो. १६ चा एमसीबी, त्याच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि बाथरूमच्या बाहेर डीपी स्विच. काम झाल्यावर त्याच्यासमोर गिझर वीस मिनिटं चालवा आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखं पकडून करंट मोजणारं मीटर) अँपिअर बघा. पट्टीवरच्या आकड्याच्या आसपास यायला हवेत. तोवर चहा होतो.

महिन्याभराने त्याला परत बोलवून एमसीबी, डीपी स्विच आणि सॉकेटचे स्क्रू एकदा आवळून घ्या. नवं तांबंही तापून-गार होऊन थोडं बसतं, आणि पहिल्या महिन्यात स्क्रू पाव आटा तरी फिरतोच.